पेंढ्याच्या गठ्ठ्यांचे घर बांधावे का? फायदे, तोटे आणि आधी सोडवायचे प्रश्न

ओळंबा (धागाकर्ता)

यंत्राने दाबून बांधलेले पेंढ्याचे गठ्ठे एकावर एक रचून भिंत उभी करायची आणि तिला दोन्ही अंगांनी जाड गिलावा करायचा, अशा पद्धतीने घर बांधण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हा धागा काढत आहे. माझे काम बांधकामाशी संबंधित आहे आणि या पद्धतीबद्दल मला आस्था आहे, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही असे घर बांधावे की नाही हे पेंढ्याकडे पाहून ठरवू नये, असे माझे मत आहे. छप्पर, जोते आणि गिलावा या तीन गोष्टी तुमच्या जागी आणि तुमच्या हातून नीट होणार असतील तर पेंढा तक्रार करत नाही. त्या होणार नसतील तर उत्तमातला उत्तम पेंढाही कुजतो.

थोडा इतिहास आवश्यक आहे, कारण बाजूने आणि विरोधात दिले जाणारे निम्मे दाखले तिथूनच येतात. ही पद्धत अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्स या वालुकामय, जवळजवळ वृक्षहीन प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. लाकूड मिळत नव्हते, मातीची ढेकळे रचून केलेल्या भिंती टिकत नव्हत्या आणि गठ्ठे बांधणारी यंत्रे नुकतीच आली होती. बेयार्डजवळच्या एका शाळेच्या भिंतींना गिलावाच केला नव्हता, त्यामुळे काही वर्षांत गुरांनी ती शाळा खाऊन टाकली, अशी नोंद सांगितली जाते. त्याच राज्यात आर्थर या गावी १९२८ साली गठ्ठ्यांनी बांधलेले चर्च मात्र आजही उभे आहे. फ्रान्समध्ये माँतार्जी येथे अभियंता एमिल फयेत यांनी १९२० च्या सुमारास लाकडी सांगाड्यात गठ्ठे भरून बांधलेले घरही टिकून आहे. शंभर वर्षे टिकू शकते का, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे होकारार्थी आहे. आपल्या जागी टिकेल का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि नेब्रास्कातली हवा बरीच कोरडी असते ही गोष्ट दाखले देणारे सहसा सांगत नाहीत.

सर्वांत मोठा फायदा उष्णतारोधाचा. सुरुवातीच्या काळात यासंबंधी फारच फुगवलेले आकडे फिरत असत. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ साली पूर्ण गिलावा केलेली सुमारे ४८ सेंटिमीटर जाडीची भिंत तपासली, तेव्हा तिचा उष्णतारोध अमेरिकी मापात २७.५, म्हणजे मेट्रिक मापात सुमारे ४.८ आला. आधीच्या दाव्यांच्या जवळपास निम्मा असला, तरी नुसत्या विटांच्या भिंतीच्या तुलनेत तो कित्येक पटींनी जास्त आहे. शिवाय आतल्या बाजूचा तीन-चार सेंटिमीटरचा गिलावा थोडी उष्णता साठवून ठेवतो, त्यामुळे खोलीचे तापमान झपाट्याने वर-खाली होत नाही. बाहेरचा आवाजही बराच अडतो.

दुसरा फायदा सामग्रीचा. साधारण ९० × ४५ × ३५ सेंटिमीटरचा गठ्ठा आडवा ठेवला तर भिंतीचा सुमारे ०.३ चौरस मीटर भाग व्यापतो, म्हणजे १०० चौरस मीटर भिंतीला सव्वातीनशेच्या आसपास गठ्ठे लागतात. घनमीटरला ११० किलो घनता धरली तर हा सुमारे पाच टन पेंढा झाला. कोरड्या पेंढ्याच्या वजनात साधारण ४० टक्के कार्बन असतो. त्या हिशेबाने या भिंतींत सात टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो. हाच पेंढा शेतात जाळला असता तर तो लगेच हवेत गेला असता. विटा भाजण्यासाठी आणि सिमेंटसाठी जाळावे लागणारे इंधन वाचते ते वेगळेच.

आता तोट्यांकडे वळतो, आणि पहिला तोटा म्हणून मी "हे घर स्वस्तात होते" या समजाचा उल्लेख करीन. पेंढा स्वस्त असतो हे खरे. पण घराच्या एकूण खर्चात भिंतींच्या सामानाचा वाटा लहान असतो. पाया, छप्पर, दारे-खिडक्या, नळकाम आणि वीजकाम यांचा खर्च भिंत पेंढ्याची आहे म्हणून कमी होत नाही. उलट भिंत जाड म्हणून पाया रुंद, वळचण खोल म्हणून छप्पर मोठे, आणि गिलावा जाड म्हणून मजुरी जास्त. स्वतःचे आणि मित्रमंडळींचे श्रम घालणार असाल तरच बचत दिसते. सगळे काम कंत्राटदारावर सोपवले तर ती दिसेलच असे नाही.

आणि मग पाणी. पेंढ्यातील ओलावा वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला तर तो कुजत नाही. तो त्याच्या वर गेला आणि आठवडेच्या आठवडे वरच राहिला, तर बुरशी धरते आणि पुढे पेंढा काळा पडून त्याचा चुरा होतो. म्हणून गठ्ठ्यांची पहिली ओळ जमिनीपासून पुरेशी उंच जोत्यावर असावी, जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर असावा आणि त्याच्या वर गठ्ठ्याखाली खडीने भरलेली लाकडी चौकट असावी, म्हणजे घरात नळ फुटला तरी सांडलेले पाणी गठ्ठ्याला न टेकता खाली उतरते. छपराची वळचण निदान ६० सेंटिमीटर बाहेर हवी. जिथे पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो तिथे तेवढीही पुरत नाही, चारही बाजूंनी ओसरीच हवी. जिथे वर्षातले काही महिने पाऊस आडवा झोडपतो आणि जागा इतकी लहान आहे की ओसरी काढता येणार नाही, तिथे मी या पद्धतीचा सल्ला देणार नाही.

अनुभव असणाऱ्यांनी आणि शंका असणाऱ्यांनीही लिहावे. विशेषतः देखभालीबद्दल, कारण त्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे.

चुनखडी

धागा आवडला. गिलाव्याबद्दल आपण फारच धावते लिहिले आहे, म्हणून माझी भर घालतो.

पेंढ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह बहुतेकांना होतो, कारण गवंड्यांच्या हाताला तोच सरावाचा असतो. अडचण अशी की सिमेंटचा गिलावा ताठर असतो, त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी आत शिरते आणि वाफेच्या रूपाने बाहेर पडायला त्याला पुरेशी वाट मिळत नाही. भिंत भिजणे टाळता येत नसेल, तर ती वाळेल एवढी सोय तरी ठेवायला हवी. मातीचा गिलावा या बाबतीत सर्वांत उदार असतो. तो वाफ सहज जाऊ देतो, शिवाय स्वतः ओलावा शोषून घेऊन पेंढ्याला आणि लाकडाला कोरडे ठेवतो. मात्र पावसाच्या थेट माऱ्यात तो धुऊन जातो. म्हणून आतून माती आणि बाहेरून चुना, किंवा बाहेरून मातीवर चुन्याचा शेवटचा थर आणि वरून दर एक-दोन वर्षांनी चुन्याची सफेदी, हा मला सर्वांत समंजस मार्ग वाटतो.

पहिला थर हातानेच द्यावा लागतो. पातळ, लोण्यासारखा मातीचा राबडा तळहाताने पेंढ्याच्या काड्यांत दाबत जायचे, इतके की काड्यांची टोके त्यात गुंतून बसली पाहिजेत. हा थर वरवर फासला गेला तर पुढचे थर कितीही देखणे झाले तरी काही काळाने भिंतीपासून सुटतात. दुसऱ्या थरात कापलेला पेंढा आणि वाळू मिसळून भिंत समपातळीत आणायची, आणि तिसरा थर पातळ. तिन्ही मिळून तीन ते चार सेंटिमीटर. माती आणि वाळूचे प्रमाण पुस्तकातून घेऊ नये. प्रत्येक ठिकाणची माती निराळी असते, म्हणून भिंतीवरच हातभर लांबीचे चार-सहा नमुने लावून ते वाळू द्यावेत आणि ज्याला भेगा पडत नाहीत आणि बोटाने घासल्यावर पूड सुटत नाही तो निवडावा.

चुना वापरणार असाल तर तो सावकाश वाळला पाहिजे. कडक उन्हात आणि वाऱ्यात ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावे लागते. हे काम घाईचे नाही, आणि घाई असलेल्या माणसाने ही पद्धत निवडूच नये.

एक गोष्ट कधीही करू नये: "जास्त सुरक्षित" म्हणून पेंढा आणि गिलावा यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालणे. आत आलेली ओल त्यामुळे कायमची आतच राहते.

सरळरेघ

मी या विषयाकडे संशयाने पाहणारा आहे आणि हा धागा वाचूनही माझा संशय पूर्ण गेलेला नाही. माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला, आग. वाळलेला पेंढा किती वेगाने पेटतो हे सर्वांनी पाहिले आहे. चार सेंटिमीटर मातीच्या भरवशावर कुटुंबाने झोपावे, हे मला पटत नाही. दुसरा, उंदीर आणि वाळवी. पेंढा म्हणजे उंदरांसाठी तयार बिछाना, आणि वाळवी तर काष्ठ खातेच. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: बांधकामाचा परवाना, गृहकर्ज आणि विमा देणाऱ्यांना ही भिंत ओळखीची नसते. उद्या घर विकायचे झाले तर गिऱ्हाईक भिंतीवर टिचकी मारून निघून जाईल. उष्णतारोध हवा असेल तर मध्ये हवेची फट सोडलेली विटांची पोकळ भिंत, हलके काँक्रीटचे ठोकळे किंवा इतर अनेक पर्याय आहेत, ज्यांच्या बाबतीत यातला एकही प्रश्न उद्भवत नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

ओळंबा (धागाकर्ता)

सरळरेघ, आक्षेप रास्त आहेत. उलट्या क्रमाने उत्तर देतो.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. काही देशांत वाट मोकळी झाली आहे. अमेरिकेच्या आदर्श निवासी बांधकाम संहितेत २०१५ च्या आवृत्तीपासून पेंढ्याच्या बांधकामावर स्वतंत्र परिशिष्ट आहे. फ्रान्समध्ये २०१२ पासून या कामाचे व्यावसायिक नियम लागू आहेत. पण नियम असणे आणि तुमच्या भागातल्या अधिकाऱ्याला ते मान्य असणे यांत अंतर असते. परवाना, कर्ज आणि विमा या तिन्हींची लेखी उत्तरे हातात येईपर्यंत गठ्ठ्यांचा सौदा करू नये, एवढेच मी सांगू शकतो.

उंदरांना पेंढ्यातले दाणे आणि पोकळ्या हव्या असतात. गठ्ठ्यात धान्य राहिलेले नसेल, गठ्ठा घट्ट असेल आणि गिलाव्यात कुठेही उघडी जागा नसेल तर त्यांना आत शिरायला वाव नसतो. जागा राहते ती भिंतीच्या माथ्यावर, छपराच्या आड, कारण तिथे कोणी गिलावा करत नाही. तिथेही एक थर मारावाच. आगीसाठीही तो आवश्यक आहे. वाळवीचे म्हणाल तर लाकडी घराला जे उपाय लागतात ते सगळे इथेही लागतात: उंच जोते, त्यावर धातूची पट्टी आणि जोत्याचा बाहेरचा भाग नजरेस पडेल असा मोकळा. जोत्याला टेकून फुलझाडांचे वाफे केले की वाळवीची माती चढलेली दिसत नाही. ज्या भागात वाळवीचा उपद्रव फार आहे तिथे हा धोका खरा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही.

आगीबद्दल मात्र आपली समजूत बदलण्याइतका पुरावा आहे. सुटा पेंढा भडकतो, कारण प्रत्येक काडीभोवती हवा असते. दाबलेल्या गठ्ठ्यात ती फारशी नसते, आणि गिलाव्याने दोन्ही बाजू बंद झाल्या की नवी हवा मिळत नाही. मग पेंढा पेटण्याऐवजी पृष्ठभागावर कोळसा धरून थांबतो. २००६ साली अमेरिकेत प्रमाणित भट्टी-चाचणीत मातीचा गिलावा केलेली भिंत एक तासाच्या आणि सिमेंटचा गिलावा केलेली भिंत दोन तासांच्या कसोटीला उतरली. म्हणजे एका बाजूला आग असताना भिंतीने ती तेवढा वेळ पलीकडे जाऊ दिली नाही.

खरा धोका बांधकाम चालू असतानाचा आहे. गठ्ठे कापताना जमिनीवर गुडघाभर सुटा पेंढा साचतो. तेव्हा वेल्डिंगची एक ठिणगी किंवा एक बिडी पुरे. रोज संध्याकाळी सगळा चुरा गोळा करून लांब नेणे, जागेवर पाण्याचा पाइप जोडून ठेवणे आणि गठ्ठे आल्यानंतर वेल्डिंगला मनाई, हे नियम कडक पाळावे लागतात.

ओसरी

देखभालीबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते. आम्ही अशा घरात राहतो. पाच-सहा पावसाळे पाहून झाले आहेत.

भिंतीच्या मधल्या मोठ्या भागाने आम्हाला कधीच त्रास दिलेला नाही. जो काही त्रास झाला तो खिडकीखाली. भिंत जाड असल्याने खिडकीच्या बाहेर हातभर रुंदीचा कट्टा तयार होतो आणि पावसाचे पाणी त्यावर थांबते. आमच्या एका खिडकीचा कट्टा बाहेरच्या बाजूला पुरेसा उतरता नव्हता आणि त्याच्या पुढच्या कडेला खालून पाणी तोडणारी खाच नव्हती. पाणी कडेवरून वळून कट्ट्याच्या पोटाखाली जात होते. बाहेरून काही दिसत नव्हते. नखाने टकटक केल्यावर मात्र तेवढ्या भागाचा आवाज पोकळ येत असे. गिलावा काढल्यावर वरचे चार बोटे पेंढा तपकिरी, मऊ आणि गरमसर लागला, आणि त्याला ओल्या तळघरासारखा वास होता. त्याच्या मागचा मात्र कोरडा, पिवळा आणि कडक होता. खराब झालेला भाग हाताने उपसून काढला, पोकळी काही आठवडे उघडी ठेवून वाळवली, कोरडा पेंढा मातीच्या राबड्यात बुडवून दाबून भरला, कट्ट्याखाली पत्र्याची अखंड पट्टी बसवून ती दोन्ही बाजूंनी वर वळवली आणि पुन्हा गिलावा केला. त्यानंतर तिथे तक्रार नाही.

तेव्हापासून आम्ही लांब टोकाचा ओलावामापक वापरतो. गवताच्या गठ्ठ्यांसाठी शेतकरी जो वापरतात तोच. प्रत्येक खिडकीखाली, न्हाणीघराच्या मागच्या भिंतीत आणि उन्हाची तिरीप कधीच न येणाऱ्या बाजूला छोटी, बुचाने बंद होणारी छिद्रे ठेवली आहेत. पावसाळा मध्यावर आला की एकदा आणि संपल्यावर महिन्याभराने एकदा मोजतो. पावसाळ्यात आकडा चढतो हे स्वाभाविक आहे. तो नंतर उतरतो की नाही हे पाहायचे असते. घर बांधतानाच ही छिद्रे ठेवावीत असे मी सर्वांना सुचवीन, कारण नंतर भिंतीला भोक पाडायला मन धजत नाही.

बाकी राहण्याच्या दृष्टीने घर अतिशय सुखाचे आहे. खिडकीत बसता येते, दुपारी पंखा उशिरा लावावा लागतो आणि शेजारच्या रस्त्याचा आवाज जवळजवळ येत नाही.

कुतूहल

उत्तम चर्चा, वाचनखूण साठवली आहे. दोन प्रश्न आहेत. भिंतीवर थेट छप्पर ठेवतात की आधी सांगाडा उभारून त्यात गठ्ठे भरतात? आणि भिंतीत खिळा ठोकता येत नसेल तर फडताळे, ओट्यावरची कपाटे आणि विजेचे बोर्ड कसे बसवतात?

तुळई

कुतूहल, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण रचनेचे हिशेब हाच माझा व्यवसाय आहे.

दोन्ही पद्धती आहेत. नेब्रास्कातली मूळ पद्धत म्हणजे छपराचा भार थेट गठ्ठ्यांवर. लाकूड कमी लागते, पण भिंत भाराखाली काही सेंटिमीटर दबते. ते दबणे पूर्ण झाल्याशिवाय गिलावा केला तर तो फुटतो, म्हणून माथ्यावरची चौकट पायाशी पट्ट्यांनी आवळून भिंत आधीच दाबून घेतात. मोठ्या खिडक्या घेता येत नाहीत. अमेरिकी संहितेतही भार पेलणारी पेंढ्याची भिंत एका मजल्यापुरतीच मान्य आहे आणि गठ्ठ्याची कोरडी घनता घनमीटरला किमान १०४ किलो असावी अशी अट आहे. सर्वांत मोठी गैरसोय ही की छप्पर चढेपर्यंत सगळ्या भिंती आकाशाखाली उघड्या असतात. एक अवकाळी सर सगळे काम मातीमोल करू शकते.

दुसऱ्या पद्धतीत लाकडाचा, बांबूचा किंवा पोलादाचा सांगाडा उभारतात, त्यावर छप्पर पूर्ण करतात आणि मग त्या सावलीत गठ्ठे भरतात. खर्च थोडा वाढतो, पण पावसाची भीती जाते आणि स्थापत्य अभियंत्याला ओळखीचे गणित करता येते. पावसाळी प्रदेशात मी फक्त हीच पद्धत मान्य करीन. तिचा कच्चा दुवा म्हणजे खांब आणि गठ्ठा यांचा सांधा. तिथे फट राहिली तर हवा आरपार वाहते आणि उष्णतारोधाचा बराच लाभ त्या फटीतून निघून जातो. त्या फटीत माती लावलेला पेंढा ठासून वरून जाळी मारावी.

भूकंपाच्या दृष्टीने मात्र या भिंतीचे मला मनापासून कौतुक आहे. ती विटांच्या भिंतीपेक्षा खूपच हलकी असते आणि तडकून कोसळण्याऐवजी लवते. काश्मीरमध्ये २००५ साली झालेल्या भूकंपानंतर पाकिस्तानात पेंढ्याची घरे बांधणाऱ्या एका संस्थेने २००९ साली नेवाडा विद्यापीठाच्या रेनो येथील कंपन-मंचावर पूर्ण आकाराचे छोटे घर हलवून पाहिले. खडी भरलेल्या पोत्यांचा पाया, मातीचा गिलावा आणि गिलाव्याखाली मासेमारीची नायलॉन जाळी एवढ्या साध्या साहित्याचे ते घर कॅलिफोर्नियातल्या १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपातल्या नोंदीच्या दुप्पट तीव्रतेचे धक्के सोसूनही पडले नाही. सरळरेघ यांनी सुचवलेल्या विटांच्या पोकळ भिंतीला हे बळ देण्यासाठी बरेच पोलाद ओतावे लागेल.

ओळंबा (धागाकर्ता)

तुळई, विस्तृत उत्तराबद्दल आभार. कुतूहल यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: जे काही भिंतीवर टांगायचे असेल ते गिलाव्याआधी ठरवावे लागते. गठ्ठ्यांत टोकदार लाकडी खुंट्या ठोकतात किंवा दोन ओळींच्या मधल्या सांध्यात आडवी फळी बसवून तिला खिळे मारण्याची सोय करतात. विजेच्या तारा नेहमी नळीतून, गठ्ठ्यांच्या सांध्यातून न्याव्यात. पाण्याचा नळ मात्र पेंढ्याच्या भिंतीतून कधीही नेऊ नये. न्हाणीघर आणि स्वयंपाकाचा ओटा शक्यतो घराच्या आतल्या, विटांच्या किंवा लाकडी भिंतींना टेकवावा. तसे जमत नसेल तर पेंढ्याच्या भिंतीपुढे हवा खेळेल एवढी फट सोडून दुसरी पातळ भिंत घ्यावी. सगळे घर पेंढ्याचेच असले पाहिजे असा हट्ट धरणारे लोक मला कधी समजले नाहीत.

यालाच जोडून एक मुद्दा जो आधी राहिला: वातानुकूलित खोल्या. उष्ण आणि दमट हवेत खोली यंत्राने थंड ठेवली तर वाफ बाहेरून आत सरकते. आतल्या भिंतीला तैलरंग, प्लास्टिकचा रंग किंवा फरशा लावल्या असतील तर ती वाफ त्यांच्या मागे अडते आणि तिथेच पाणी होते. आतून माती किंवा चुनाच ठेवावा.

सरळरेघ

आगीबद्दलचे उत्तर पटले, बांधकामातल्या धोक्याबद्दलचे तर विशेष पटले. पण जागेच्या हिशेबाबद्दल कोणीच बोललेले नाही. लहान भूखंडावर ४५ सेंटिमीटरचा गठ्ठा आणि वर गिलावा म्हणजे घराऐवजी भिंतच बांधल्यासारखे होत नाही का?

तुळई

होते, आणि आकडे मांडले तर ते चांगलेच बोचते. बाहेरून १० × १० मीटरचे घर धरा. गठ्ठा आडवा ठेवला तर गिलाव्यासह भिंत सुमारे ५१ सेंटिमीटर होते आणि आत साधारण ८१ चौरस मीटर उरतात. गिलावा धरून २७ सेंटिमीटरची विटांची भिंत असती तर सुमारे ८९ उरले असते, म्हणजे एक छोटी खोली गेली. गठ्ठे कडेवर उभे ठेवले तर भिंत ४१ सेंटिमीटरवर येते आणि आत सुमारे ८४ चौरस मीटर मिळतात. उष्णतारोध फारसा घटत नाही, कारण त्या स्थितीत काड्या उष्णतेच्या प्रवाहाला आडव्या येतात. मात्र उभ्या गठ्ठ्यावर गिलावा कमी धरतो, दोऱ्या बाहेरच्या अंगाला येतात आणि भार पेलण्यासाठी तो निरुपयोगी असतो. सांगाड्यातच तो शोभतो.

चुनखडी

कारखान्यात लाकडी चौकटीत पेंढा दाबून भरलेले तयार फलकही मिळतात, त्यांचाही उल्लेख व्हावा. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या आवारात अशा फलकांचे घर २००९ साली उभारून त्यावर मोजमापे घेतली गेली. जागेवर सुटा पेंढा पसरत नाही, ओलावा कारखान्यात तपासलेला असतो आणि काम लवकर होते. परंतु स्वतःच्या हाताने, आसपासच्या शेतातल्या पेंढ्याने बांधण्याचा जो मुख्य लाभ आहे तो त्यात उरत नाही, आणि लांबून ट्रकने आणलेला फलक घ्यायचा तर मग इतर पर्यायांशी त्याची तुलना नव्याने करावी लागेल.

कुतूहल

इतके सगळे वाचून माझा कल सांगाड्याच्या पद्धतीकडे झुकला आहे, आणि भूखंड प्रशस्त असल्याने ओसरीही काढता येईल. गठ्ठे विकत घेताना नेमके काय पाहावे? गहू, भात की आणखी काही?

ओळंबा (धागाकर्ता)

गहू, भात, राय, ओट, सगळे चालते. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त असल्याने तो सावकाश कुजतो, पण कापताना करवतीची धार लवकर जाते आणि धूळ घशाला त्रास देते. तोंडावर चांगला मुखवटा हवा. चाऱ्याचे हिरवे वाळवलेले गवत मात्र घेऊ नये, कारण त्यात पोषणद्रव्ये असतात आणि म्हणून ते कुजते आणि किड्यांना आवडते.

शेतकऱ्याशी कापणीच्या आधी बोलावे आणि गठ्ठे नेहमीपेक्षा घट्ट बांधून मागावेत. विकत घेण्यापूर्वी ढिगाच्या मधले आणि तळाचे गठ्ठे काढून पाहावेत. वरचे नेहमीच चांगले असतात. एका दोरीला धरून उचलल्यावर गठ्ठा मधून वाकला किंवा दोरी आणि पेंढा यांच्यामध्ये हाताचा पंजा सहज गेला तर तो सैल आहे. एक गठ्ठा फोडून मध्यभागाचा वास घ्यावा. कुबट वास आला, काळे ठिपके दिसले किंवा हात घातल्यावर ऊब जाणवली तर तो ढीग सोडून द्यावा. ओलावामापक २० टक्क्यांच्या बराच खाली असला पाहिजे, कारण गिलावा करताना आपणच पुन्हा पाणी घालणार असतो. लागतील त्याहून दहा टक्के जास्त घ्यावेत, आणि उरलेले कापून मातीत मिसळावेत.

साठवण पक्क्या छपराखाली, जमिनीपासून उचललेल्या फळ्यांवर. नुसती ताडपत्री घालून भागत नाही, कारण रात्री तिच्या आतून दव धरते आणि वरची ओळ हळूहळू भिजत राहते. तुमचा सांगाडा आणि छप्पर आधी उभे राहणार असेल तर गठ्ठे त्याच छपराखाली थेट उतरवा, आणि छप्पर पूर्ण झाल्याचा निरोप गेल्यावरच ट्रक मागवा.